सोन्याचा किनारा ते घाना: व्यापाराच्या वाटांनी घडवलेला देश

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील घाना हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा लहान आहे आणि २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ३ कोटी ८ लाखांच्या घरात आहे. कोकोच्या उत्पादनात अनेक दशके तो जगातील अग्रगण्य देशांत राहिला आहे, सोन्याच्या उत्पादनात आफ्रिकेतील आघाडीच्या देशांत त्याची गणना होते, आणि १९९२ च्या राज्यघटनेपासून तेथील सरकारे मतपेटीतून बदलत आली आहेत. तरीही या देशाबद्दल वाचताना काही प्रश्न पडल्याशिवाय राहत नाहीत. दक्षिण घानाच्या तुलनेत उत्तर घाना इतका मागे का राहिला? कोकोचे एवढे मोठे पीक मळेवाल्या कंपन्यांच्या हाती न जाता लहान शेतकऱ्यांच्या हाती कसे राहिले? प्रजासत्ताकात पारंपरिक राजांना आजही मान का आहे, आणि पूर्व सीमेच्या अलीकडे व पलीकडे एकच भाषा बोलणारे लोक दोन देशांत का विभागले गेले?

या प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी शोधायची झाल्यास व्यापाराच्या दिशेकडे पाहावे लागते. या भूभागाचा व्यापार शेकडो वर्षे उत्तरेकडे, वाळवंटाच्या दिशेने चालत होता. पंधराव्या शतकानंतर समुद्राकडे दुसरी वाट उघडली. काही काळ दोन्ही वाटा एकाच वेळी वाहत्या होत्या. ब्रिटिश राजवटीने मात्र रेल्वे, बंदरे आणि सीमारेषा यांच्या साहाय्याने समुद्राची वाट पक्की केली आणि उत्तरेची वाट जवळजवळ बुजवली. आजचा घाना ज्या आराखड्यावर उभा आहे, तो मुख्यतः या बदलातून तयार झाला.

आधी उत्तरेच्या वाटेबद्दल. ‘घाना’ हे नाव ज्या प्राचीन साम्राज्यावरून घेतले आहे, ते आजच्या मॉरिटानिया आणि माली या देशांच्या प्रदेशात होते, आजच्या घानाच्या हद्दीत नव्हते. त्या साम्राज्याची श्रीमंती सोने आणि मीठ यांच्या देवघेवीवर उभी होती. अल-बक्री या अरबी लेखकाने अकराव्या शतकात नोंदवले आहे की, तेथील राजा मिठाने लादलेल्या प्रत्येक गाढवामागे राज्यात येताना एक दिनार आणि राज्याबाहेर जाताना दोन दिनार जकात घेत असे. पुढे माली आणि सोंघाई ही साम्राज्ये उदयाला आली, आणि सोन्याची वाढती मागणी पुरवण्यासाठी मांडे भाषक मुस्लिम व्यापारी, ज्यांना वांगारा म्हणत, दक्षिणेकडील जंगलाच्या काठापर्यंत पोहोचले. आजच्या मध्य घानातील बेघो हे गाव अशा व्यापाऱ्यांची मोठी पेठ बनले. जंगलात राहणाऱ्या अकान भाषक लोकांकडून सोने आणि कोलाच्या बिया तेथे येत, आणि उत्तरेकडून मीठ, कापड व पितळी भांडी उतरत. कोलाची बी चघळल्याने थकवा कमी होतो, आणि दारू निषिद्ध मानणाऱ्या हौसा प्रदेशातील (आजच्या उत्तर नायजेरियाच्या बाजूच्या) मुस्लिम समाजात तिला मोठी मागणी होती.

या व्यापारामुळे उत्तरेकडील गवताळ प्रदेशात राज्ये उभी राहिली. घोडेस्वारांच्या बळावर दागोंबा लोकांचे दागबोन राज्य आणि त्याच्या दक्षिणेस गोंजा राज्य स्थिरावले, तेथील दरबारांत मुस्लिम विद्वानांना स्थान मिळाले आणि अरबी लिपीत लेखन होऊ लागले. त्या काळी उत्तरेचा प्रदेश मागासलेला नव्हता. बाहेरच्या जगाशी असलेला संबंध, लेखनविद्या आणि मोठ्या बाजारपेठा यांपैकी बरेच काही तेथूनच दक्षिणेकडे येत होते. आजच्या विषमतेची चर्चा करताना ही गोष्ट नेहमीच नजरेआड होते, म्हणून ती ठळकपणे सांगावीशी वाटते.

पोर्तुगीज जहाजे या किनाऱ्यावर १४७१ मध्ये आली. सहारा ओलांडून युरोपात पोहोचणारे सोने थेट उगमाजवळून मिळवता येईल, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. दियोगो द आझांबुजा याने १४८२ मध्ये एल्मिना येथे किल्ला बांधला. त्या ठिकाणच्या सोन्यातून पोर्तुगालच्या राजाला जे उत्पन्न मिळू लागले, त्याने पुढील सागरी मोहिमांना बळ दिले, आणि याच सत्तेची जहाजे १४९८ मध्ये कालिकतला पोहोचली व १५१० मध्ये तिने गोवा जिंकला. गोव्याच्या इतिहासाशी एल्मिनाच्या किल्ल्याचे असे नाते आहे. पुढील काळात हा संबंध उलट दिशेनेही दिसतो, कारण युरोपीय व्यापारी पश्चिम आफ्रिकेत माणसे आणि सोने विकत घेताना गुजरात व कोरोमंडल किनाऱ्यावरील सुती कापड मोठ्या प्रमाणावर देत असत.

आरंभीच्या काळात पोर्तुगीज या किनाऱ्यावरून गुलाम नेत नव्हते. उलट बेनिन राज्याच्या (आजच्या नायजेरियातील) बाजूला विकत घेतलेले गुलाम ते एल्मिनाला आणून सोन्याच्या बदल्यात अकान व्यापाऱ्यांना विकत असत. या माणसांना सोन्याचा माल वाहून नेण्याच्या आणि जंगल तोडून शेती वाढवण्याच्या कामाला जुंपले जाई. अमेरिकेतून आलेला मका आणि कसावा यांमुळे जंगलातील शेती अधिक माणसांना पोसू लागली. सतराव्या शतकात डच, इंग्रज, डॅनिश, स्वीडिश आणि ब्रांडेनबुर्गचे जर्मन व्यापारी येथे आले, डचांनी १६३७ मध्ये एल्मिना हिसकावून घेतले, आणि किनाऱ्यावर ठिकठिकाणी किल्ले व वखारी उभ्या राहिल्या. ज्या जमिनीवर हे किल्ले होते तिचे भाडे युरोपीयांना स्थानिक प्रमुखांना द्यावे लागे. किल्ल्यांच्या भिंतींबाहेर त्यांची सत्ता फारशी चालत नव्हती, हे या काळाबद्दल नीट लक्षात घेतले पाहिजे.

अमेरिकेतील ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांना मजूर हवे झाले, तसा हा व्यापार पालटला, आणि अठराव्या शतकात या किनाऱ्यावरून सोन्याइतकीच, पुढे त्याहूनही अधिक, माणसे बाहेर जाऊ लागली. एल्मिना आणि केप कोस्ट येथील किल्ल्यांतील तळघरांत बंदिवानांना कोंबून ठेवले जाई आणि तेथून त्यांना जहाजांवर चढवले जाई. बंदिवान बहुधा युद्धात पकडलेले असत, आणि युद्धासाठी लागणाऱ्या बंदुका व दारूगोळा याच व्यापारातून मिळत असे. म्हणून ज्या राज्यांचा समुद्राकडील वाटेवर ताबा होता ती बळकट होत गेली, आणि ज्यांचा नव्हता त्यांची माणसे विकली गेली. उत्तरेकडील अनेक लहान समाजांच्या वाट्याला हे दुसरे दुर्दैव आले.

या धामधुमीतून असांते राज्य उभे राहिले. कुमासीचा प्रमुख ओसेई टुटू याने आसपासच्या अकान घराण्यांना एकत्र करून १७०१ मध्ये देंकिरा या बलाढ्य राज्याचा पराभव केला, आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरील मोठा अडसर दूर झाला. परंपरेनुसार, त्याचा धर्मगुरू ओकोम्फो आनोक्ये याने आकाशातून एक सुवर्णासन खाली आणले, आणि सर्व असांते लोकांचा आत्मा त्या आसनात वसतो असे घोषित केले. त्या आसनावर कोणीही बसत नाही, राजासुद्धा नाही. एकत्र आलेल्या लोकांपैकी कोणाचे मूळ कोठले हे चारचौघांत उघड करू नये, असा दंडकही याच काळातील मानला जातो. वेगवेगळ्या घराण्यांना एकाच निष्ठेने बांधण्याची ही राजकीय दूरदृष्टी होती, आणि मला ती या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते.

असांतेने पुढील शंभर वर्षांत आजच्या घानाचा बहुतेक भाग प्रत्यक्ष सत्तेखाली किंवा खंडणीच्या नात्याने आपल्याशी जोडला. अठराव्या शतकाच्या मध्याला दागबोनला खंडणी मान्य करावी लागली, आणि तिच्यात गुलामांचाही समावेश होता. कुमासीहून चारी दिशांना मोठे रस्ते जात, वंशपरंपरागत सरदारांच्या जोडीला राजाने नेमलेले अधिकारी काम पाहत, आणि व्यवहारात वापरायच्या सोन्याच्या भुकटीसाठी पितळी वजनांची पद्धत रुजलेली होती. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या सागरी व्यापारावर बंदी घातली, तेव्हा असांतेने उत्तरेकडील कोलाचा व्यापार वाढवला आणि सालागा ही बाजारपेठ भरभराटीला आली. समुद्र आणि वाळवंट या दोन्ही दिशांना दारे उघडी ठेवण्याचे सामर्थ्य या राज्यात होते. एका दाराने मिळकत घटली तर दुसऱ्या दाराने ती भरून काढता येत असे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी किनाऱ्यावर हळूहळू हातपाय पसरले. किनाऱ्यावरील फांते लोक आणि असांते यांच्यातील वैराचा त्यांना उपयोग झाला, आणि १८४४ च्या करारानुसार फांते प्रमुखांनी गंभीर गुन्ह्यांच्या न्यायदानात ब्रिटिशांचा सहभाग मान्य केला. डॅनिशांनी १८५० मध्ये आपले किल्ले ब्रिटिशांना विकले आणि डचांनी १८७२ मध्ये एल्मिनासह आपला वाटा सोडला. फांते प्रमुख व इंग्रजी शिकलेले लोक यांनी याच सुमारास मांकेसिम येथे स्वतःचा संघ आणि त्याची लेखी घटना तयार केली होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हा प्रयत्न संशयाने पाहिला आणि तो मोडून पडला. त्यानंतर १८७४ मध्ये गार्नेट वुल्झली या ब्रिटिश सेनापतीच्या सैन्याने कुमासी जाळली, राजवाड्यातील सोन्याच्या वस्तू लुटल्या, आणि किनारपट्टी औपचारिकरीत्या ‘गोल्ड कोस्ट’ नावाची वसाहत झाली. प्रेम्पे या असांते राजाला १८९६ मध्ये अटक करून देशाबाहेर पाठवले गेले. गव्हर्नर हॉजसन याने १९०० मध्ये कुमासीत जाऊन सुवर्णासन आपल्याला बसण्यासाठी आणून द्यावे अशी मागणी केली, तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. उठाव चिरडला गेला आणि तिला सेशेल्स बेटांवर हद्दपार केले गेले, पण आसन ब्रिटिशांच्या हाती कधीच लागले नाही.

१९०२ पासून एकाच गव्हर्नरच्या हाताखाली तीन वेगळे प्रदेश होते: किनाऱ्यावरील वसाहत, जिंकलेले असांते, आणि उत्तरेकडील संरक्षित प्रदेश. कायदेमंडळात प्रतिनिधित्व होते ते फक्त किनाऱ्याला. असांतेला ते १९४६ मध्ये मिळाले आणि उत्तरेला १९५१ पर्यंत थांबावे लागले. एका देशातील लोकांना राजकारणाचा अनुभव इतक्या वेगवेगळ्या वेळी मिळाल्यामुळे स्वातंत्र्याच्या चळवळीचे नेतृत्व दक्षिणेतून येणे जवळजवळ ठरलेलेच होते.

आता जमीन आणि कोको यांच्याकडे वळू, कारण आजच्या घानाचे अर्थकारण येथे घडले. वसाहतीतील मोकळ्या मानल्या जाणाऱ्या जमिनींचा कारभार सरकारच्या हाती घेण्याचे विधेयक ब्रिटिशांनी १८९७ मध्ये आणले. त्यांच्या दृष्टीने पडीक असलेले जंगल अकान लोकांच्या दृष्टीने कोणत्या तरी गादीचे किंवा कुळाचे होते, जिवंत माणसांइतकेच पूर्वजांचे आणि पुढे जन्माला येणाऱ्यांचेही होते. केप कोस्ट येथील सुशिक्षित वकील, व्यापारी आणि पारंपरिक प्रमुख यांनी एकत्र येऊन मूलनिवासी हक्क संरक्षण संस्था स्थापन केली, जॉन मेन्सा सार्बा यांच्यासारख्या वकिलांनी स्थानिक रूढींचा कायदेशीर आधार मांडला, आणि १८९८ मध्ये संस्थेचे शिष्टमंडळ लंडनला जाऊन वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले. विधेयक मागे घेतले गेले. केनियात गोऱ्या वसाहतकऱ्यांनी सुपीक डोंगराळ जमिनी बळकावल्या, तशी वेळ येथे आली नाही, त्यामागे या लढ्याचा मोठा वाटा आहे.

टेट्टे क्वार्शी या गा समाजातील लोहाराने फर्नांडो पो बेटावरून आणलेले कोकोचे बी १८७९ मध्ये माम्पाँग येथे लावले. बासेल मिशननेही त्याआधी प्रयोग केले होते, पण कोकोचा खरा प्रसार त्यानंतर झाला. पाम तेल आणि रबर यांच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या आक्वापिम व क्रोबो भागांतील शेतकऱ्यांनी गट करून शेजारच्या आक्येम प्रदेशातील जंगले विकत घेतली, आणि ज्या झाडाला फळ धरायला काही वर्षे लागतात अशा पिकात भांडवल गुंतवले. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा देण्याच्या ‘अबुसा’ पद्धतीने मजूर काम करू लागले. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट हा जगातील सर्वांत मोठा कोको-उत्पादक बनला होता. सरकारी बागांतून रोपे वाटली गेली हे खरे, तरी जमीन, पैसा, श्रम आणि जोखीम ही सारी स्थानिक लोकांची होती. वसाहतीच्या काळातील प्रगतीचे श्रेय सरसकट राज्यकर्त्यांना देण्याची सवय जगभर आहे, आणि हे उदाहरण तिला छेद देते.

पिकवणे शेतकऱ्यांच्या हाती असले तरी विकणे मात्र नव्हते. सोन्याच्या खाणींसाठी सेकोंदी बंदरापासून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये तार्क्वाला आणि १९०३ मध्ये कुमासीला पोहोचली, राजधानी अक्रा ते कुमासी मार्ग १९२३ मध्ये पूर्ण झाला, आणि गव्हर्नर गगिसबर्ग याच्या योजनेनुसार ताकोराडीचे खोल बंदर १९२८ मध्ये सुरू झाले. या मार्गांचा नकाशा समोर ठेवला की त्यांचा हेतू कळतो. खाणी, कोकोचे जंगल आणि बंदर यांना ते जोडतात आणि कुमासीतच थांबतात. उत्तरेकडून नेण्यासारखा माल ब्रिटिशांना दिसला नाही, म्हणून तेथे रूळ गेले नाहीत. तेथून घ्यायचे होते ते मनुष्यबळ. प्रमुखांवर दबाव आणून खाणी आणि रेल्वेसाठी तरुण मजूर दक्षिणेला पाठवले जात, आणि नंतर पैशाच्या गरजेपोटी ते स्वतःहून कोकोच्या शेतांवर जाऊ लागले. मिशनऱ्यांच्या शाळांना उत्तरेत मर्यादित परवानगी होती आणि तामाले येथील सरकारी माध्यमिक शाळा निघायला १९५१ साल उजाडावे लागले. ज्या प्रदेशात एकेकाळी अरबी लिपीत लिहिणारे विद्वान दरबारात बसत होते, तो प्रदेश इंग्रजी शिक्षणाच्या मापाने निरक्षर ठरला.

सीमांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. युरोपीय सत्तांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपापसांत रेषा आखल्या, त्यात पूर्वेकडील एवे भाषक लोक ब्रिटिश आणि जर्मन प्रदेशांत वाटले गेले आणि दागबोनचे राज्यही दुभंगले, कारण त्याची राजधानी येंदी जर्मन टोगोलँडमध्ये गेली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन टोगोलँडचे ब्रिटिश आणि फ्रेंच (आजचा टोगो देश) असे दोन तुकडे झाले, आणि येंदी ब्रिटिश भागात आली. या ब्रिटिश भागात १९५६ मध्ये सार्वमत घेतले गेले. बहुमत घानात सामील होण्याच्या बाजूने पडले, पण दक्षिणेकडील एवे वस्तीच्या भागांत विरोध अधिक होता. आजही या सीमेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचे नातेवाईक राहतात.

स्वातंत्र्याचा लढा कोकोशी जोडलेला होता. युरोपीय कंपन्यांनी १९३७ मध्ये आपापसांत स्पर्धा न करता कोको खरेदी करण्याचा करार केला, तेव्हा शेतकऱ्यांनी आणि प्रमुखांनी माल विकण्यास नकार दिला, विलायती वस्तूंवर बहिष्कार घातला, आणि हा संप पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत टिकला. महायुद्धात सरकारने सारा कोको स्वतः विकत घेतला आणि १९४७ मध्ये कोको विपणन मंडळ स्थापन झाले. शेतकऱ्याला दिला जाणारा भाव आणि जागतिक बाजारातील भाव यांतील फरक मंडळाकडे साठत गेला आणि तो पैसा लंडनमध्ये गुंतवला गेला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढून परतलेल्या सैनिकांच्या मोर्चावर २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अक्रामध्ये गोळीबार झाला, तीन माजी सैनिक मारले गेले, आणि शहरात दंगल उसळली. स्वातंत्र्य चळवळीचे नेते क्वामे एन्क्रुमा यांनी गांधीजींच्या असहकारातून प्रेरणा घेऊन १९५० मध्ये ‘सकारात्मक कृती’ची, म्हणजे संप व बहिष्काराच्या अहिंसक लढ्याची, हाक दिली, ते तुरुंगात गेले, आणि १९५१ ची निवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकल्यावर सुटून सरकारचे प्रमुख झाले.

एन्क्रुमा यांच्या सरकारने १९५४ मध्ये कोकोचा खरेदीभाव गोठवला, आणि त्यानंतर लगेच कुमासीत असांतेची नवी चळवळ उभी राहून तिने संघराज्याची मागणी केली. जागतिक बाजारात भाव वाढत असताना आपल्या घामाचा पैसा अक्राला जातो, ही असांतेच्या शेतकऱ्याची तक्रार होती. उलट शाळा, रस्ते, उत्तरेचा विकास आणि व्होल्टा नदीवरील धरण यांसाठी पैसा आणायचा कोठून, हा सरकारपुढील प्रश्न होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. १९५६ च्या निवडणुकीत एन्क्रुमा यांच्या पक्षाने १०४ पैकी ७१ जागा जिंकल्या आणि एककेंद्री राज्यव्यवस्था ठरली. पुढे देश ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाला, व्होल्टावरील हे अकोसोंबोचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, आणि १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमा यांना पदच्युत केले. परकी राजवटीने निर्माण केलेले मंडळ नव्या सरकारांनी मोडले नाही, कारण राज्य चालवायला लागणारा पैसा तेथूनच येत होता. आजही कोकोचा भाव सरकार ठरवते. घाना आणि आयव्हरी कोस्ट यांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन प्रतिटन ४०० डॉलरची जादा रक्कम मागितली ती शेतकऱ्याच्या उत्पन्नासाठी, परंतु कोकोचा मोठा भाग अजूनही कच्च्या किंवा अर्धवट प्रक्रिया केलेल्या स्वरूपातच बाहेर जातो.

पारंपरिक राजांचे स्थान १९९२ च्या राज्यघटनेने मान्य केले आहे. त्यांना पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेता येत नाही, पण देशातील बहुतांश जमीन रूढीनुसार गाद्यांच्या आणि कुळांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचा शब्द चालतो. ब्रिटिशांनी सरकारजमा केलेल्या उत्तरेतील जमिनीही १९७९ च्या राज्यघटनेने परंपरागत मालकांना परत केल्या. असांतेच्या राजाचा मान तर देशाबाहेरही ओळखला जातो, आणि १८७४ मध्ये व त्यानंतर नेलेल्या राजचिन्हांपैकी ३२ वस्तू लंडनमधील दोन संग्रहालयांनी २०२४ मध्ये कुमासीला पाठवल्या, तेही मालकी न सोडता, उसनवारीने.

जमीन गाद्यांची आणि जमिनीखालची खनिजे मात्र राज्याची, अशी ही व्यवस्था सध्या सोन्याच्या बाबतीत कठीण परीक्षेतून जात आहे. विनापरवाना छोट्या खाणींना घानात ‘गालामसे’ म्हणतात. सोन्याचा भाव चढला की कोकोच्या शेतकऱ्यापुढे दोन पर्याय उरतात: सरकारने ठरवलेल्या दराने पुढील पिकाची वाट पाहायची, की खाणवाल्याला शेत देऊन एकरकमी पैसे घ्यायचे. अनेकांनी दुसरा पर्याय स्वीकारला आहे. एकदा खणलेल्या जमिनीत कोको पुन्हा सहज रुजत नाही, आणि पारा व गाळ मिसळल्याने प्रा आणि अंकोब्रा यांसारख्या नद्यांचे पाणी गढूळ झाले आहे. परवाने देण्याचा अधिकार अक्राला, जमिनीवर प्रवेश देण्याची ताकद स्थानिक प्रमुखाला, आणि नुकसान नदीकाठच्या गावाला, अशी वाटणी राहील तोवर पोलीस आणि लष्कर पाठवून हा प्रश्न सुटणे अवघड आहे.